तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं जेवण आणि चालण्याने वजन उतरतं का?

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच विचारला जातो. "असं काई व्हस का, भाऊ? आमची वहिनी महिनाभर मेहरूण तलावाला चकरा मारत होती, पाव किलो हललं नाही." तर उत्तर असं: उतरतं. उतरलेलं टिकवणं फार कठीण आहे. लोक शंका घेतात ती उतरण्याबद्दल, आणि घ्यायला हवी ती टिकण्याबद्दल.

आधी वहिनींचा हिशोब. ७० किलोचं माणूस पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चाललं तर साडेतीन-चार किलोमीटर होतात आणि जेमतेम २०० कॅलरी खर्च होतात. परतताना एक कचोरी खाल्ली की चालणं फिटलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. नुसत्या चालण्याने, जेवणात कणभरही वाढ न होता, किलोभर उतरायला पाच-सहा आठवडे लागतात. आणि चालल्यावर भूक वाढते, ती वाढ कुणी मोजत नाही. चालणं साखरेसाठी, रक्तदाबासाठी, झोपेसाठी उत्तमच. वजनाचा मोठा भाग मात्र स्वयंपाकघरात ठरतो.

तिथे पहिला संशय भाकरीवर घेतला जातो, हे आपल्याकडचं दुर्दैव. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकर बिचारी सर्वांत निरपराध. कळण्यात तर उडीद असतो, त्यामुळे प्रथिनं वाढतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. खरा ऐवज तेलाच्या डब्यात आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर रोज माणशी जवळपास ४२ मिली होतं, म्हणजे साधारण ३४० कॅलरी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरही एवढीच देते. माणूस भाकर सोडतो, भुकेला राहतो, आणि शेवभाजीच्या तर्रीला हात लावायचा थांबत नाही. वर शेव: मूठभर, ३० ग्रॅम, १६० कॅलरी. भरीताचंही तसंच. वांग्यात १०० ग्रॅमला पंचवीसेक कॅलरी. फोडणीचं तेल, शेंगदाणे आणि सोबतच्या पुऱ्या हा सगळा मामला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज उपास होता" म्हणणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

हे खोटं बोलणं नसतं. १९९२ साली अमेरिकेत, "आम्ही १,२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या लोकांचं खाणं-पिणं आणि शरीराचा प्रत्यक्ष खर्च तपासला गेला. शरीराचा खर्च ठीकच होता. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. अंदाजाने सांगितलं की कोणाचंही असंच होतं.

म्हणून सुरुवातीला आठवडाभर काहीच बदलू नका, फक्त लिहा. चहातली साखर (एक चमचा २० कॅलरी, दोन चमच्यांचे चार कप म्हणजे १६०), पोळीवरचं तूप, भाजी शिजताना चाखलेली, मुलांच्या ताटातली उरलेली, सगळं. तेलाच्या डब्यावर फोडल्याची तारीख टाका. भाकरीचं पीठ एकदाच काट्यावर तोला; घराघरांत एका भाकरीला ६० ते १०० ग्रॅम पीठ लागतं आणि घरच्यांना ते ठाऊक नसतं. मग रोजचे ४०० कमी करा. तेल माणशी २५ मिलीवर आणलं की १३०-१४०, साखर निम्मी केली की ८०, शेव आठवड्यातून एकदाच ठेवली की आणखी. उरलेलं चालण्यातून. डाळ, मटकी, ताक, अंडी कमी करू नका. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहाच्या तीन फेऱ्या उठबस करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. वैशाखात सकाळी सहाच्या आत चालून घरी या. नंतरच्या उन्हात हट्टाला अर्थ नाही.

आता हे सगळं करूनही घोडं अडतं ते रविवारी. सहा दिवसांचे ४०० म्हणजे २,४०० वाचले. दुपारी वरण-बट्टी: तळलेल्या चार बट्ट्या, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. रात्री ढाबा. दिवसाचे १,५०० सहज जास्त होतात. उरले ९००, म्हणजे आठवड्याला सव्वाशे ग्रॅमही नाही. काट्यावर ते दिसतच नाही, कारण पाणी आणि मीठ यांमुळेच वजन दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. बट्टी सोडायची गरज नाही. दोन घ्या, ढाबा दुसऱ्या दिवशी ठेवा. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि नेमकं तेव्हाच लोक सोडतात.

"शेतात दिवसभर राबणाऱ्यालाही पोट सुटतं, मग?" हा आक्षेप बिनतोड वाटतो. कापूस वेचणीला अंग मोडतं खरं, पण ते काही आठवडे. शेतापर्यंत जाणं आता मोटारसायकलवर, आणि जेवण मात्र पायी जाणाऱ्या पिढीचं.

टिकण्याच्या बाबतीत शंकेखोरांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढी राहतात आणि हलक्या शरीराला रोज लागतंही कमी. मधुमेह असलेल्यांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, सल्ला आणि देखरेख सतत मिळूनही, आठ वर्षांनी निम्म्या लोकांनीच पाच टक्के किंवा जास्त घट राखली होती. ८० किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे चार किलो. दिसायला थोडं, पण साखर आणि रक्तदाबावर त्याचा परिणाम होतो. त्यामुळे वही कायमची बंद करू नका. सरासरी दोन किलोने वर गेली की पुन्हा आठवडाभर लिहायचं. आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) आमरस किंवा कानबाईच्या सणाचे रोट यांनंतर हे लागतंच.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. सहा आठवडे प्रामाणिकपणे लिहूनही सरासरी हलली नाही तर थायरॉईड तपासा आणि चालू औषधांची यादी दाखवा. स्टेरॉईडसारख्या काहींनी वजन वाढतं. थायरॉईड कमी असल्याने वाढणारं वजन मात्र बहुधा दोन ते पाच किलोच असतं, आणि त्यातही पाणी बरंच. तपासायला जाताना वही सोबत न्या.