झडप बसवल्यानंतरचे फोन

साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, मग नीट-एसएस देऊन आणखी तीन वर्षांचं डीआरएनबी, म्हणजे सुपरस्पेशालिटीचं शिक्षण. आमच्या सीव्हीटीएसच्या, म्हणजे हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या, जागा दर वर्षी रिकाम्या राहतात, हे एव्हाना माझ्या मावशीलाही ठाऊक झालं होतं. "अगं, हल्ली सगळे अँजिओप्लास्टीच करतात ना?" तीन नसांचा आजार आणि सोबत मधुमेह असेल तर बायपास सरस ठरतो, हे २०१२ च्या फ्रीडम ट्रायलने दाखवलंय, असं मावशीला सांगून काही उपयोग नसतो. पहाटे राउंड, दिवसभर थिएटर, रात्री आयसीयू आणि त्यावर प्रबंध. लेख त्या प्रबंधाबद्दल आहे, कारण पुढच्या बॅचच्या मुलामुलींना त्याचीच धास्ती असते.

मला छोट्या छेदातून होणाऱ्या शस्त्रक्रियांवर काम करायचं होतं. सरांनी दिला जुनाच विषय: मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदललेल्या रुग्णांचं पुढे काय होतं? "टेबलवर काय झालं ते मला माहीत आहे. घरी गेल्यावर काय झालं ते शोधून आण."

या रुग्णांत बायका जास्त. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, तेवढ्यावर विसरलं गेलं आणि पंचविशी-तिशीत झडप आकसून धाप लागायला लागली, ही ठरलेली कहाणी. तरुण माणसात जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, झडप लवकर खराब होते, म्हणून बहुतेकींना यांत्रिक झडप. जुन्या फायलींत टीटीके चित्रा भरपूर सापडली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली ही भारतीय झडप १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवली. झडप यांत्रिक म्हटली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव.

एथिक्स कमिटी म्हणजे कागदांचा सोस, असं सीनियर्सनी सांगून ठेवलं होतं. अर्ज एकदा परत आलाच. मराठी संमतिपत्रात फोनवरून संमती कशी घेणार ते नव्हतं. पण बैठकीत खरा प्रश्न विचारला तो डॉक्टर नसलेल्या सदस्य बाईंनी. "समजा, फोनवर कळलं की बाईने गोळी बंद केली आहे. तुम्ही ते फॉर्मवर लिहून फोन ठेवणार?" मी म्हटलं, नाही, बोलावून घेणार. "मग ते कागदावर कुठे आहे?" त्यामुळे प्रोटोकॉलमध्ये एक पान वाढलं: काय ऐकलं की कोणाला कळवायचं, रुग्णाला कुठे पाठवायचं, त्या दिवशी इको कोण करणार. साऱ्या प्रबंधात सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते हेच पान.

मग फोन. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर बहुतेकदा पुतण्याचा नाहीतर दाजींचा असतो, आणि तो दाजी आता चाकणला कंपनीत शिफ्टवर असतो. माझ्या मोबाइलवरून केलेले फोन लोक कापायचे. "ओटीपी मागणार नाही ना?" असं एका आजोबांनी स्पष्टच विचारलं. रुग्णालयाच्या लँडलाइनवरून करायला लागले तेव्हा कुठे जमलं. त्यातही "सिस्टर, डॉक्टरांना द्या की जरा," हे होतंच. पहिल्यांदा राग यायचा, नंतर "डॉक्टरच बोलतेय, मावशी" म्हणून पुढे जायची सवय झाली.

ऐकायला मिळालं ते मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात इतकं ठसठशीत नाही. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालेलं असायचं. आयएनआरची तपासणी, स्वारगेटपर्यंतचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज हे ज्याचं त्याने बघायचं. मग गोळी चालू, तपासणी बंद. कोणी मेथी-पालक कायमचा सोडलेला, तर कोणी श्रावणात रोज पालेभाजीच खाल्लेली. खरं तर पालेभाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. पण हे नीट सांगायला आमच्या ओपीडीत कोणाला वेळ असतो? दौंडकडची एक मुलगी लग्न ठरल्यावर गोळी घ्यायचीच थांबली होती. गर्भाला अपाय होतो एवढंच तिला कोणीतरी सांगितलं होतं, पुढचं सांगितलंच नव्हतं. "रक्त तपासावं न लागणारी नवीन गोळी आलीय म्हणे, ती द्या," असंही बरेच म्हणायचे. तशा एका गोळीची, डॅबिगॅट्रानची, चाचणी यांत्रिक झडपेच्या रुग्णांत झाली होती. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. फोनवर मी इतकंच म्हणायचे, "तुमच्या झडपेला ती चालत नाही."

प्रश्नावलीत एक प्रश्न मी स्वतःहून घातला होता: झडपेची टिकटिक ऐकू येते का? जुन्नरकडच्या एक ताई म्हणाल्या, "आठेक दिवस झाले, नाही येत. बरंच झालं, झोप तरी लागते." धाप नाही, सूज नाही. त्याच संध्याकाळी त्यांना बोलावून घेतलं. फ्लुओरोस्कोपीत, म्हणजे हलत्या एक्स-रेत, झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक जागची हलत नव्हती. गुठळी विरघळवणारं औषध दिलं आणि पाकळी सुटली. मेंदूकडे काही गेलं नाही हे नशीब. आठवडाभराने ताई तक्रार करत होत्या की आवाज परत सुरू झाला.

डेटा गोळा झाला आणि खरी वादावादी सुरू झाली. इंदापूरकडच्या एका मुलाने सांगितलं होतं, "आई शेतातून आली, पाणी प्यायली आणि गेली." पोस्टमॉर्टेम नाही, कागद नाही. हा मृत्यू कशात धरायचा? अमेरिकन आणि युरोपीय संघटनांच्या २००८ च्या संयुक्त नियमांप्रमाणे, कारण न कळलेला आकस्मिक मृत्यू झडपेशी संबंधितच मोजायचा. विभागात एकाने सुचवलं, "अज्ञात" असा वेगळा रकाना करू. सर म्हणाले, "नको. आपल्या खात्यावर लिही."

न सापडलेल्यांचा प्रश्न त्याहून बिकट. किती रुग्ण किती काळ जगले याचा आलेख काढायची कॅप्लान-मायर पद्धत, १९५८ पासून सगळे वापरतात ती, असं धरून चालते की न सापडलेले लोक सापडलेल्यांसारखेच आहेत. आमच्या यादीतले न सापडलेले कोण? ऊसतोडीला गेलेले, नंबर बदललेले, एकट्या राहणाऱ्या विधवा. तपासणी सुटण्याची शक्यता यांचीच जास्त. म्हणून मी दोन आलेख काढले: एक नेहमीचा आणि एक "न सापडलेले सगळे गेले" असं धरून. दोन्हींतलं अंतर पाहून स्टॅटिस्टिक्सवाले म्हणाले, दुसरा काढून टाका, परीक्षक त्यावरच धरतील. ठेवला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आमच्या विषयात छापलेले पुष्कळ सुंदर निकाल या दुसऱ्या आलेखाशिवायचे आहेत, आणि ते वाचताना मी आता आधी किती टक्के रुग्ण सापडले होते ते बघते.

परीक्षक त्यावरच धरून बसले, हे खरं. पण प्रबंध मंजूर झाला. विभागात आता डिस्चार्जच्या वेळी तीन नंबर घेतात: रुग्णाचा, घरातल्या कोणाचा आणि गावच्या आशाताईंचा. तिसरा मिळवायला रेसिडेंट कुरकुर करतात, कारण त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावत बसावं लागतं.