मामाजी, दार लोटा

कमी ऐकू येणाऱ्या माणसापुढे ओरडण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत सासरी आल्यावर पक्कं झालं.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अर्धी हयात जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) गेली. सीझन लागला की रात्रंदिवस यंत्रांचा घरघराट. एवढ्या कापसात राहून कानात बोळा घालायचं कुणाला सुचलं नाही (तसा बोळ्याने फार फरक पडला नसताच). आता त्यांचं म्हणणं असं, की "ऐकू त येते व बाई, पन समजत नाही." घरातल्यांना हा बहाणा वाटायचा, कारण पिंपळाखाली ट्रक थांबला तर मामाजींना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि मी समोर बसून बोललेलं मात्र कळत नाही.

अकोल्याला कान तपासले तेव्हा उलगडा झाला. जाड, खालच्या आवाजांसाठी आलेखाची रेघ बरी चालते आणि 4000 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 4000 कंपनांच्या) आसपास धाडकन खाली येते. गोंगाटात वर्षं काढलेल्या कानाचा हा ठरलेला नमुना. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी बारीक, उंच आवाज टिपतात त्या आधी मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत.

आता बोलण्याचं बघा. स्वरतंतूंची थरथर पुरुषात सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, बायकांत 200 च्या आसपास. तोंडाच्या आकारामुळे त्या आवाजातले काही पट्टे उठून येतात. पुरुषाच्या 'आ'मध्ये साधारण 700 आणि 1200 हर्ट्झला, 'ई'मध्ये 300 ला आणि थेट 2000 च्या वर. आवाजाचा दणका जवळपास सगळा स्वरांत असतो. व्यंजन म्हणजे कुठे क्षणभराचा स्फोट, कुठे बारीक फुसफुस. 'स'ची बरीचशी फुसफुस तर 4000 च्या वरच असते, म्हणजे मामाजींच्या कानात जिथे काही उरलेलं नाही तिथे.

एकदा मी म्हटलं, "मामाजी, दार लोटा." ते उठले, माठातून लोटा भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. त्यांना 'गार लोटा' ऐकू आलं होतं. मी पाणी प्यायले आणि दार स्वतः लावलं. पण मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे डोक्यात किडा वळवळला. नंतरही 'ताट' मागितलं की पाट यायचा, पण 'दार' म्हटल्यावर त्यांनी 'तार' ऐकलंय असं कधी झालं नाही. 'द'चा 'ग' होतो, 'ब' होतो, पण 'त' होत नाही.

वर्गात भिंतीवर वर्णमालेचा तक्ता आहे. त्यात आडवी ओळ म्हणजे उच्चाराची जागा: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. उभ्या रांगेत क, च, ट, त, प एकाखाली एक, ग, ज, ड, द, ब एकाखाली एक. मामाजींच्या चुका सगळ्या उभ्या रांगेत होत होत्या! (आमच्याकडे डोळ्याचा 'डोया' होतो ते वेगळं, तो काही कानाचा दोष नाही.)

हे जुनंच ज्ञान निघालं. 1955 मध्ये मिलर आणि नाइसली या संशोधकांनी इंग्रजी व्यंजनांतले वरचे आवाज गाळून लोकांना ऐकवले, तेव्हा उच्चाराची जागा ओळखता येईना. व्यंजन घोष आहे की अघोष (म्हणताना गळा थरथरतो की नाही), नाकातलं आहे की नाही, हे मात्र बरंच टिकलं. कारण 'द' म्हणताना जीभ सुटायच्या आधीच गळ्यात गुणगुण सुरू झालेली असते, आणि ती खालच्या सुरात असते; 'त'मध्ये ती जीभ सुटल्यावर सुरू होते. हा वेळेचा फरक लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 मध्ये अकरा भाषांत मोजला, त्यात आपली मराठीही होती.

मग लॅपटॉपवर 'प्रात' घेतलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोर्स्मा आणि वेनिंक यांचं हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझ्याच आवाजात "दार लोटा", "ताट आणा", "पाट आणा" असं भरलं, 1000 हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं आणि ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, हेडफोन लावून बाजेवर बसवलं. आवाज मोठा ठेवला होता. ह्यांनी दोनदा ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, "भिंतीपलीकडून बोलल्यासारखं वाटते," म्हणाले. मग आवाज आणखी वाढवायला सांगितला. वाढवला. तरी ताट की पाट ते ठरेना.

ओरडल्याने नेमकं हेच होतं. सूर चढतो, स्वर लांबतो, दणका वाढतो, आणि व्यंजन त्या मानाने होतं तिथेच राहतं. वर असा कान हळू आवाज ऐकत नाही, पण मोठा आवाज त्याला एकदम बोचतो. म्हणून मामाजी मुलावर खेकसायचे, "बोंबलतं कायले बे? नीट सांग ना!" ह्यांना तो बापाचा हट्ट वाटायचा.

आता घरात एवढंच पाळतो: तोंडासमोर यायचं, पंखा बंद करायचा, सावकाश बोलायचं, नाही कळलं तर तेच पुन्हा न म्हणता वाक्य बदलायचं. "जेवायला ताट घ्या" म्हटलं की पाट येत नाही. तोंडासमोर येण्याला कारण आहे. ओठ मिटले की प, ब, म यांपैकी काहीतरी आहे हे डोळ्याला दिसतं, आणि त्यातलं कोणतं ते खालच्या सुरावरून कान सांगतो. कोरोनात मास्क आले तेव्हा मामाजी एकदम जास्त बहिरे झाल्यासारखे वाटले होते, ते यामुळेच.

कानाचं मशीनही आहे. आधी बाजारातून आणलेलं सगळेच आवाज सारखे फुगवायचं, भांडं पडलं की ते दचकायचे. आताचं तपासणीच्या आलेखावरून बसवून घेतलंय, अजून सवय व्हायची आहे.

अडतं ते फोनवर. साधा फोन जुन्या पद्धतीने 300 ते 3400 हर्ट्झएवढाच आवाज नेतो आणि तोंड तर दिसतच नाही. पुण्याच्या नणंदेला सांगितलंय, व्हिडिओ कॉल कर आणि उजेडाकडे तोंड करून बस. ती अजूनही खिडकीकडे पाठ करून बसते आणि "बाबांना दिवसेंदिवस कमीच ऐकू येतंय गं," म्हणून माझ्याशीच बोलत राहते.