रोझ हिलची चढण

कॅलिफोर्नियातील अँटिऑक शहराच्या दक्षिणेला सॉमर्सव्हिल रस्ता जिथे संपतो, तिथे ब्लॅक डायमंड माइन्स या राखीव उद्यानाचा वाहनतळ आहे. तिथून रोझ हिल दफनभूमीपर्यंतची पायवाट रमतगमत चढली, तरी अर्ध्या तासाच्या आत संपते. चढ मात्र अंगावर येणारा आहे आणि सावली जवळजवळ नाही, म्हणून उन्हाळ्यात जायचे झाल्यास भल्या सकाळीच जावे. मी फेब्रुवारीत गेलो होतो, तेव्हा डोंगर हिरवे होते आणि त्या हिरव्यावर दफनभूमीतील सायप्रसची काळपट, उंच झाडे खालूनच दिसत होती. ती झाडे या डोंगरांची नव्हेत. इथे राहिलेल्या माणसांनी ती लावली.

आज या निर्जन उतारांकडे पाहून खरे वाटत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे खाणकामगारांची पाच गावे नांदत होती. इथून सुमारे 40 लाख टन कोळसा निघाला. पण तो फारसा चांगल्या प्रतीचा नव्हता. काढण्याचा खर्च वाढत गेला, वॉशिंग्टन राज्याचा कोळसा बाजारात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणी बंद पडल्या. जाताना लोकांनी कित्येक घरेसुद्धा उचकटून नेली. थडगी तेवढी मागे राहिली.

दगडांवरील मजकूर वाचायला वेळ हाताशी ठेवावा, कारण सगळा इतिहास तिथेच आहे. खाणकामगारांपैकी बरेच जण वेल्समधून आलेले असल्यामुळे काही लेख वेल्श भाषेत कोरलेले आहेत. 1876 च्या जुलैमध्ये त्या पाच गावांपैकी नॉर्टनव्हिलच्या खाणीत झालेल्या स्फोटाचे बळी इथेच पुरलेले आहेत. परंतु मला थांबवले ते लहान मुलांच्या कबरींनी. घटसर्प, देवी आणि स्कार्लेट फीव्हर यांच्या साथींत ही मुले गेली. अशा दगडांवर वय नुसते वर्षांत न सांगता महिने आणि दिवसही मोजून लिहिलेले असतात. दगडावर अक्षरे कोरून घेण्याचे पैसे खाणकामगाराला सहज परवडत नसतील. तरीही ते दिवस गाळावेत, असे आईबापांना वाटले नाही.

याच टेकडीवर सेरा नॉर्टन या सुईणीची कबर आहे. ज्यांच्या नावावरून नॉर्टनव्हिल वसले, त्या नोआ नॉर्टन यांच्या त्या पत्नी. त्यांच्या हातून सहाशेहून अधिक बाळंतपणे झाली, असे सांगतात. 5 ऑक्टोबर 1879 रोजी एका बाळंतपणासाठी निघालेल्या असताना घोडागाडीतून फेकल्या जाऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या भुताच्या गोष्टी आता पर्यटकांत फार लोकप्रिय आहेत; मला त्या जरा कृतघ्नपणाच्या वाटतात. आजूबाजूला निजलेल्या मुलांपैकी काहींना त्यांनीच जगात आणले असेल, ही गोष्ट भुतापेक्षा कितीतरी जड आहे.

मधल्या काळात नासधुशीने अनेक दगड फुटले, काही चोरीला गेले. उद्यानाच्या लोकांनी सापडतील ते तुकडे जुळवून पुन्हा उभे केले आहेत, त्यामुळे कित्येक थडग्यांवर सांधे स्पष्ट दिसतात. दगडाला टेकणे किंवा त्यावर कागद ठेवून घासून ठसा घेणे टाळावे.

पायवाट पुढे खिंड ओलांडून नॉर्टनव्हिलच्या दरीत उतरते. तिथे एकही घर उरलेले नाही, म्हणून मी खिंडीकडे नुसते पाहून परत फिरलो. उतरायला हवे होते, असे आता वाटते.