पुढचा ब्रेक अजून का ठेवलाय? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, सगळं एवढं नीट जमवलंय, मग पुढचा ब्रेक अजून कशाला?" रविवारी पार्किंगमध्ये फ्लॅटलँडच्या, म्हणजे छोट्या बीएमएक्स सायकलवर सपाट जमिनीवर करायच्या ट्रिकांच्या, सरावाला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. 'सेटअप सांगा' म्हणणाऱ्यांना मी यादी पाठवते, त्यांचाही उलट प्रश्न हाच असतो. आजवर मी "सवय आहे" एवढं म्हणून विषय संपवत आले. ते उत्तर अपुरं आहे, आणि प्रश्नामागचा सूरही मला आता सहन होत नाही. ब्रेक ठेवणारा रायडर अजून शिकाऊ आहे, असं त्या सुरात गृहीत धरलेलं असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी बाकीची सायकल, कारण ब्रेकचा विचार तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. त्यामुळे फ्रेमची वरची नळी १८.५ इंचांची. स्ट्रीटच्या, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या बीएमएक्सच्या फ्रेमला हीच नळी २०.५ ते २१ इंच असते. तेवढ्या लांब फ्रेमवर पुढच्या पेगवर (आसाच्या टोकाला पाय ठेवायला लावलेल्या नळीवर) उभी राहून मागे हात नेला तर माझ्या हाताला सीट लागतच नाही. मागे फ्रीकोस्टर आहे, म्हणजे सायकल उलटी गेली तरी पेडल न फिरवणारा हब, कारण उलटं जाताना पेडल फिरलं तर क्रँक थेट नडगीवर बसते. गिअर १८-९ चा (पुढे १८ दाते, मागे ९), म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन. २५-९ वर ट्रिकमध्ये शिरताना मला हवा तेवढा कमी वेग साधत नाही. टायर गुळगुळीत, हवा १०० पीएसआयच्या आसपास. व्हॉल्व्ह स्कूटरसारखाच असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याकडे भरता येते, पण तेवढा दाब द्यायला तो घाबरतो. स्वतःचा पंप घ्या.

आणि पुढचं चाक धरणारा चिमटा. मी घेतला तो शून्य ऑफसेटचा, म्हणजे चाकाचा आस हँडल ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यावरच येतो. ३२ मिलिमीटर ऑफसेटचा चिमटा उलटा फिरवला की आस ६४ मिलिमीटर मागे सरकतो आणि पायाखालची सायकल वेगळीच होते. शून्यावर हँडल कसंही फिरवा, चाक जागेवर राहतं. या सगळ्या यादीत मी पैशांची खरी किंमत मोजली ती इथे. कस्टम ड्युटीसकट तो चिमटा मला माझ्या आधीच्या अख्ख्या सायकलपेक्षा महाग पडला, आणि तो घेताना मी मुद्दाम ब्रेकच्या खुंट्या नसलेला घेतला होता.

हो, मीही ब्रेक काढला होता. तेव्हा मी जे बोलायचे तेच आज तुम्ही मला ऐकवता. १९८० च्या दशकात सुरुवातीला ब्रेक दाबून जागच्या जागी उभं राहायच्या ट्रिक होत्या. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या केव्हिन जोन्सने आणि त्याच्या 'प्लायवुड हूड्स' या गटातल्या मित्रांनी चालत्या चाकावरच्या ट्रिकांना कुठल्या कुठे नेलं. चाक थांबवायचंच नाही तर ब्रेक हवा कशाला, असा माझा युक्तिवाद होता. तो मी नव्या मुलांना मोठ्या आवाजात सांगायचे. ब्रेक असलेल्या सायकलीकडे बघून मी काय बोलले असेन, ते त्या मुलांना आठवतही असेल. त्या वेळच्या मला आज मी एवढंच विचारीन की तुझा पाय टायरवर जातो तेव्हा तू नेमकं काय करत असतेस? ब्रेकच लावत असतेस ना? चाक आवरायचं काम कुणीतरी करायलाच हवं. बोटाने करायचं की बुटाच्या तळव्याने, एवढाच निर्णय आहे.

त्या दिवशी ते तळव्याने करत होते. पावसाळ्याच्या तोंडाशी, एका ऑफिसच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. जमीन उत्तम होती, घोटलेला कोबा, कुठे सांधा नाही. मी हँग फाइव्हमध्ये होते : डावा पाय पुढच्या पेगवर, मागचं चाक हवेत, उजवा पाय मोकळा. वेग थोडा वाढला म्हणून उजवा तळवा टायरवर टेकवला, रोजच्यासारखा. बुटाचा तळ पुढच्या टोकाला किंचित सुटलेला होता. टायरने ते टोक ओढलं आणि चिमट्याच्या वरच्या जोडापाशी, टायर आणि लोखंड यांच्या मधल्या फटीत नेलं. चाक हळू झालं नाही, जागीच थांबलं. मागचं चाक डोक्यावरून आलं आणि मी डाव्या तळहातावर पडले. पाय तोवर अडकलेलाच होता, त्यामुळे लोळून भार काढून टाकायला जागाच नव्हती. सगळं वजन त्या एका मनगटात गेलं.

सूज फारशी नव्हती. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणून पट्टी बांधून मी घरी आले. पण अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं तिथे. पडल्यानंतरच्या पहिल्या एक्स-रेमध्ये त्याची चीर बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. हातावर पडलात आणि त्या खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे कोरा आला तरी पुन्हा दाखवा. माझी चीर एमआरआयमध्ये दिसली. या हाडाला रक्त मुख्यतः एका टोकाकडून मिळतं, म्हणून ते सावकाश जुळतं. सबंध पावसाळा प्लास्टरमध्ये गेला. आई रोज वेणी घालून द्यायची आणि घालता घालता म्हणायची, "विकून टाक ती सायकल." तिचा राग मला समजत होता. पण सायकल विकायचा विचार माझ्या मनात आला नाही. चिमट्याचा आला.

प्लास्टर निघाल्यावर मनगट मागे पूर्ण वळेना. आजही वळत नाही. टायरवर पाय न्यायचा तर क्षणभर अंगाचा भार दोन्ही हातांवर घ्यावा लागतो, आणि डावा हात तो घ्यायला नकार देतो. म्हणून जुना, ब्रेकच्या खुंट्या असलेला चिमटा माळ्यावरून काढला आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. स्टेमचा, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचा, पोकळ बोल्ट बघून ते म्हणाले, "म्हणजे वायर पोटातनं न्यायची?" हो, पोटातूनच. लिव्हरपासून स्टेममध्ये, चिमट्याच्या नळीतून खाली आणि तिथून ब्रेकला. बाहेरून नेली तर हँडल मागे फिरवताच वायर फ्रेमला अडते. आतून नेली की हँडल कितीही वेळा फिरवा. काकांनी असं काम आधी कधी केलं नव्हतं. तरी त्यांनी वायर ओवली, तारा आवळून रिमचा आऊट काढला, आणि रबर रिमला सगळीकडे सारखं लागेपर्यंत चाक खाली ठेवलं नाही. लिव्हर मी उजवीकडे, हँडलवर बरीच आत घेतली, तर्जनीच्या एका पेराने ओढता येईल अशी. हँडल चिमट्याच्या रेषेत सरळ उभं केलं, म्हणजे मनगट कमी मोडतं. रिम क्रोमची आहे. कोरड्यात फार छान धरते, ओल्यात जवळजवळ नाही, आणि पार्किंगमध्ये अशी किंचाळते की वॉचमन धावत येतो.

एवढं झाल्यावर "म्हणजे दुखापतीमुळे ठेवलाय, मजबुरी आहे" असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल, तर ते मला मान्य नाही. ब्रेक परत आल्यावर मी अशा गोष्टी शिकले ज्या आधी माझ्याकडे नव्हत्या. चाक पूर्ण न थांबवता, बोटाच्या टोकाने वेग जरासा कमी करायचा आणि त्याच क्षणी मागचा भाग फिरवायचा. यात पाय दोन्ही मोकळे राहतात. हे मला सुंदर वाटतं, आणि मनगट बरं असतं तरी वाटलं असतं.

वाटलं असतं का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांच्या मते हाड पक्कं जुळलंय, भार घ्यायला हरकत नाही. म्हणजे नकार देतो तो हात की मी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता बूट नवे असतात, तळ मी दर वेळी बघते, तरी उजवा पाय टायरकडे न्यायचं मनात आलं की पोटात गोळा येतो. ब्रेकशिवाय फिरणारी मुलगी समोर दिसली की मला तिच्या सायकलीचा हलकेपणा हवासा वाटतो, हेही खरं आहे. खुंट्या नसलेला तो महागडा चिमटा दोघांनी विकत मागितला. दोघांना नाही म्हणाले.

तेव्हा यादी मागणाऱ्यांना या बाबतीत एवढंच सांगते. पहिला चिमटा घेताना, मिळत असेल तर खुंट्या असलेलाच घ्या. आजकाल तो शोधावा लागतो, दोन महिने थांबावंही लागेल. ब्रेक नको असेल तर खुंट्या रिकाम्या राहतील, काही बिघडत नाही. नसलेल्या खुंट्या मागाहून नीट बसवून देणारा माणूस मला तरी पुण्यात भेटलेला नाही. आणि सेटअप विचारताना आपली उंची, हाताची लांबी आणि कुठल्या चाकावर जास्त उभे राहता ते कळवा. त्याशिवाय माझी यादी तुमच्या उपयोगाची नाही.