शिक्का कोणाच्या ताब्यात असतो

पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला काही दिवस कत्तलखान्यातील तपासणीच्या जागी उभे केले होते. माझ्या शेजारचे निरीक्षक समोर आलेल्या प्रत्येक डोक्याच्या जबड्याच्या स्नायूंना समांतर काप देऊन फीतकृमीचे कोष शोधत, मग घशाजवळच्या लसिका ग्रंथी चिरून त्यांत क्षयाच्या गाठी आहेत का ते पाहत, सुरी ८२ अंशांच्या गरम पाण्यात सोडत आणि तिथलीच दुसरी उचलत. एकदा एका फुप्फुसाला हात लावताच त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले आणि धडे पुढे नेणारी सगळी साखळी थांबली. आत गळू होते, ते फुटून पू शेजारच्या धडावर उडाला होता. कारखान्याचा व्यवस्थापक लगबगीने आला, पण धड बाजूला काढून होईपर्यंत निरीक्षकांनी मान वर केली नाही. संध्याकाळी मी त्यांना विचारले, की रोज ज्यांच्या छपराखाली उभे राहायचे त्यांचेच काम थांबवताना दडपण येत नाही का. ते म्हणाले, "माझा पगार हे देत नाहीत आणि माझी बदलीही यांच्या हातात नाही."

मांस तपासणीच्या सरकारी यंत्रणेविषयी मी पुढे जे वाचले आणि पाहिले, त्या सगळ्याच्या मुळाशी मला हेच वाक्य सापडत गेले. रोगट अवयव ओळखणे ही विद्या आहे आणि ती शिकवता येते. मात्र ती विद्या जाणणारा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे उभा राहूनही त्याचा मिंधा होणार नाही, अशी व्यवस्था उभारणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते कितीतरी अवघड आहे.

कामाची मांडणी जवळपास सगळीकडे सारखीच असते. जनावर जिवंत असताना त्याची चाल, श्वास आणि एकंदर अवस्था पाहून पहिली तपासणी होते; कत्तलीनंतर डोके, आतील अवयव आणि धड यांची दुसरी. रोजचे काप देण्याचे आणि चाचपण्याचे काम प्रशिक्षित निरीक्षक करतात. शंका आली की धड वेगळ्या रुळावर जाते आणि ते पास करायचे, काही भाग काढून टाकायचा की सगळेच नष्ट करायचे, याचा निर्णय पशुवैद्यक घेतो. अमेरिकेत हे काम कृषी खात्याच्या अन्नसुरक्षा व तपासणी सेवेकडे आहे. तिथे कारखान्यातील निरीक्षकाच्या वर प्रभारी अधिकारी, त्याच्या वर अनेक कारखाने पाहणारा पर्यवेक्षक, मग जिल्हा कार्यालय आणि शेवटी मुख्यालय अशी उतरंड आहे. निर्णय मान्य नसेल तर मालकाला याच उतरंडीने वर दाद मागता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे भांडण निरीक्षकाशी समोरासमोर न होता कागदावर आणि वरच्या पायरीवर होते.

निरीक्षकाचे खरे बळ दंडात नसून पास झालेल्या मांसावर मारायच्या शिक्क्यात आहे. शिक्क्याशिवाय माल विकता येत नाही, त्यामुळे शिक्का रोखून धरला की कारखाना आपोआप थांबतो. त्यासाठी न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेत ही ताकद ३० जून १९०६ रोजी कायद्याने आली. शिकागोच्या कारखान्यांतील घाण उजेडात आल्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनॉल्ड्स यांना पाहणीसाठी पाठवले आणि त्यांच्या अहवालाने कायद्याला होणाऱ्या विरोधाची धार बोथट झाली. पण पैसे कोणी द्यायचे यावर वाद पेटला. सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज यांचा आग्रह होता की तपासणीचा खर्च कंपन्यांनी उचलावा. शेवटी तो सरकारी तिजोरीवर आला आणि त्यासाठी वर्षाला ३० लाख डॉलरची कायम तरतूद झाली. आजही तिथे नेहमीच्या पाळीचा खर्च सरकार करते आणि जादा वेळेचे पैसे कारखान्याकडून घेते.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९९५ पर्यंत तिथे तपासणी स्थानिक प्रशासनांकडे होती, त्यामुळे एका भागात कडक आणि शेजारी ढिलाई असे चित्र होते. १ एप्रिल १९९५ पासून हे सगळे एका राष्ट्रीय मांस स्वच्छता सेवेत आणले गेले. पण ती सेवा कृषी खात्याच्याच अखत्यारीत होती, म्हणजे उत्पादकांचे हित पाहणारे आणि खाणाऱ्यांचे रक्षण करणारे एकाच घरात. मॅड काउ, म्हणजे गुरांच्या मेंदूचा आणि मांसातून माणसांनाही होऊ शकणारा रोग, या प्रकरणानंतर हे टिकणे शक्यच नव्हते. २००० साली स्वतंत्र अन्न मानक संस्था स्थापन होऊन ही सेवा तिच्याकडे गेली आणि २०१० मध्ये तिच्यातच विलीन झाली. तिथे तपासणीचे शुल्क कारखान्यांकडून घेतात, आणि तासावर आकारणी केली की लहान कत्तलखाने कसे मेटाकुटीला येतात, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला आहे. शुल्क घ्यावे की नाही याबद्दल मी हटवादी नाही. मात्र ते पैसे तिजोरीत जमा व्हावेत आणि तपासणाऱ्याच्या पगाराशी त्यांचा धागा कुठेही जुळू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगजंतूंनी या यंत्रणेची घडी नंतर बदलली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट शिजलेल्या गोमांसाच्या खिम्यातून ई-कोलायची लागण पसरली, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. तो जंतू कोणत्याही सुरीला दिसला नसता. १९९६ च्या नियमांनी प्रत्येक कारखान्यावर धोक्याच्या जागा ओळखून त्यांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती केली, आणि निरीक्षकाच्या कामात धड पाहण्याबरोबर त्या नोंदी पडताळणे व प्रयोगशाळेसाठी नमुने घेणे आले. युरोपात तर १ जून २०१४ पासून डुकरांच्या नेहमीच्या तपासणीत काप देणे बंद झाले, कारण ग्रंथी चिरताना साल्मोनेला हा रोगजंतू एका धडावरून दुसऱ्यावर जाण्याची भीती होती. जबड्याचे काप हीच आमची पहिली शिकवण असल्याने हे पचवायला मला वेळ लागला, पण निर्णय योग्य आहे.

तरीही पाहणाऱ्या डोळ्यांची गरज संपलेली नाही, आणि त्या डोळ्यांना किती वेळ मिळतो हा व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत ७ निरीक्षक असलेल्या साखळीवर तासाला जास्तीत जास्त १,१०६ डुकरांची मर्यादा होती, म्हणजे सव्वातीन सेकंदांना एक. काम वाटून घेतले तरी एका माणसाच्या वाट्याला मोजकेच क्षण येतात, म्हणून दिवसभरात जागा बदलत राहणे, विश्रांती आणि पुरेसा उजेड या गोष्टी सोयीच्या नसून तपासणीचाच भाग आहेत. त्यात एखादा निरीक्षक आजारी पडला तर बदली माणूस सकाळी साखळी सुरू होण्याआधी पोहोचला पाहिजे, कारण निरीक्षक नसेल तर कायद्याने कत्तलच करता येत नाही. जिल्हा कार्यालयातल्या माणसांचा बराच दिवस अशा बदल्या जुळवण्यात जातो. पदे रिकामी राहिली की उरलेल्यांवर पाळ्यांचा भार वाढतो, थकलेली नजर चुकते आणि ती चूक कोणत्याही अहवालात लिहिली जात नाही.

त्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या संध्याकाळी निरीक्षकांनी शिक्का धुतला, शाई पुसली, तो पोलादी कपाटात ठेवला आणि कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात टाकली. चावी हरवली तर काय, असे मी विचारले. दुसरी चावी होती; ती कारखान्यात नव्हती, त्यांच्या वरिष्ठांच्या कार्यालयात होती.