दोनदा हॅडामार्ड, आणि एक उणे चिन्ह

‘क्यूबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही’ हे क्वांटम संगणकाच्या बिटबद्दलचं वाक्य मी इतक्यांदा वाचलं होतं की ते समजल्यासारखं वाटायला लागलं होतं. पण त्याचं पुढे करायचं काय, हे विचारलं असतं तर माझी दातखीळ बसली असती. शेवटी वाचन बाजूला ठेवलं आणि कोड लिहायला बसलो.

पायथन येत होतं, मॅट्रिक्सचे गुणाकार अर्धवट आठवत होते. तयार क्वांटम लायब्ररीऐवजी आधी नमपायमध्ये (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) स्वतःचाच सिम्युलेटर, म्हणजे क्यूबिटची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहिला. नाव मोठं, ओळी जेमतेम वीस. क्यूबिट म्हणजे दोन संख्या, एक ० साठी आणि एक १ साठी. गेट, म्हणजे क्यूबिटवर करायची क्रिया, हा दोन बाय दोनचा मॅट्रिक्स. गेट लावायचं म्हणजे गुणायचं. मोजायचं म्हणजे त्या संख्यांच्या वर्गांइतक्या शक्यतेने ० किंवा १ निवडायचा.

० वर हॅडामार्ड गेट (जे ० ला ० आणि १ च्या समान मिश्रणात नेतं) लावून १०२४ वेळा मोजलं. निम्मे ०, निम्मे १. हात्तिच्या, हे तर रँडम फंक्शनच्या एका ओळीत झालं असतं! मग सहज म्हणून तेच गेट लागोपाठ दोनदा लावलं. छापा-काटा दोनदा उडवला तरी निकाल निम्मा-निम्माच यायला हवा. आले १०२४ च्या १०२४ शून्य.

कोड चुकला, अशी माझी खात्री होती. तासभर चूक शोधली, मग कागदावर गुणाकार केला. दुसऱ्या हॅडामार्डनंतर १ कडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या: एकीवर अधिक अर्धा, दुसरीवर उणे अर्धा. बेरीज शून्य. शक्यता कधी उणे नसते, पण वर्ग करण्याआधीची ही संख्या असू शकते. दोन गेटच्या मध्ये एकदा मोजून पाहिलं, तर पुन्हा निम्मे-निम्मे. मग मोजणीऐवजी मध्ये झेड गेट टाकलं, जे फक्त १ चं चिन्ह उलटं करतं. तिथेच मोजलं तर काहीच फरक दिसत नाही. दुसरं हॅडामार्ड लावून मोजलं तर दर वेळी १! माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी. नाण्याच्या उपमेने माझा तरी बराच वेळ खाल्ला.

त्यानंतर क्विसकिटवर, म्हणजे क्वांटम प्रोग्रॅमिंगच्या तयार लायब्ररीवर, आलो. हॅडामार्ड आणि सीनॉट (पहिला क्यूबिट १ असेल तरच दुसऱ्याला उलटवणारं गेट) लावून दोन क्यूबिट गुंतवले, म्हणजे त्यांची उत्तरं एकमेकांशी बांधली. फक्त ०० आणि ११ आले. हे पटकन जमलं.

अडलो ग्रोव्हरच्या १९९६ च्या शोध-अल्गोरिदमवर. अनेक पर्यायांतला खूण केलेला एक तो शोधतो, तीच क्रिया फेऱ्याफेऱ्यांनी लावून. तीन क्यूबिट, आठ पर्याय. खूण केली होती ११० वर, सापडलं ०११. क्विसकिट शून्याव्या क्यूबिटचं उत्तर सर्वांत उजवीकडे लिहितं आणि मी डावीकडून वाचत होतो, इतकंच. ते निस्तरल्यावर दोन फेऱ्यांत बरोबर उत्तराची शक्यता साधारण ९४.५ टक्के झाली. मग हावरेपणा केला: आणखी एक फेरी. शक्यता घसरून ३३ टक्क्यांवर! प्रत्येक फेरी म्हणजे ठरावीक कोनातून फिरणं असतं. इथे सुरुवात सुमारे २०.७ अंशांवर, दर फेरीला ४१.४ अंशांची भर, आणि गाठायचे ९०, जिथे बरोबर उत्तर पक्कं मिळतं. दोन फेऱ्यांत आपण १०३.५ वर असतो. तिसरी थेट १४५ च्या आसपास नेऊन सोडते. म्हणजे कधी थांबायचं हे आधीच मोजून ठेवावं लागतं.

शेवटी गुंतवलेल्या दोन क्यूबिटचा तोच छोटा कोड क्लाउडवरच्या खऱ्या यंत्रावर चालवला. रांगेत बराच वेळ गेला. निकालात ०० आणि ११ भरपूर होते, पण सिम्युलेटरवर एकदाही न दिसलेले ०१ आणि १० सुद्धा थोडे थोडे डोकावत होते. सवयीप्रमाणे मी आधी बिटचा क्रम तपासला. क्रम बरोबर होता; चुका खऱ्या यंत्राच्याच होत्या.