एकादशीला वाचलेला फेरफार

आमच्या गावातील विठ्ठल मंदिराच्या नावावर चार एकर वीस गुंठे जमीन आहे. शहादे तालुक्यातील, तापीच्या उत्तर अंगाची ही काळी कसदार जमीन असून तिला विहिरीचे पाणी आहे, आणि या शेतात पिकणाऱ्या गव्हावर व तुरीवरच आमच्या सप्ताहाचा महाप्रसाद शिजतो. मी याच गावात वाढलो, शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता भजनी मंडळाचा चिटणीस म्हणून दप्तर सांभाळतो. ही जमीन माझ्या आजोबांनी देवाला अर्पण केली, अशी पाटी सभामंडपाच्या उजव्या खांबावर बसवलेली आहे. लहानपणापासून ती पाटी वाचताना माझी छाती भरून येत असे. आजोबांकडे ती जमीन कुठून आली, हा प्रश्न मात्र मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता.

तो पडला भक्तनिवासाच्या निमित्ताने. दिंडीतील वारकऱ्यांना उतरण्यासाठी या शेताच्या कडेला चार खोल्या बांधाव्यात असे मंडळात ठरले, आणि बिगरशेतीच्या अर्जासाठी जुने उतारे काढण्याचे काम माझ्याकडे आले. सातबाऱ्यावरील फेरफाराच्या, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीच्या, क्रमांकाचा माग काढत मी मागे मागे गेलो, तेव्हा १९३० च्या दशकातील एका नोंदीपाशी येऊन थांबलो. त्या नोंदीत माझ्या आजोबांचे नाव ‘घेणार’ म्हणून होते आणि ‘देणार’ म्हणून आमच्या भिलाटीतील, म्हणजे भिल्ल वस्तीतील, एका माणसाचे नाव होते. नावापुढे जात लिहिलेली होती: भिल्ल. घरातील जुन्या ट्रंकेत त्याच व्यवहाराचे मोडीतील खरेदीखत सापडले. मोडी वाचणाऱ्या एका परिचितांनी ते मला अक्षर लावून वाचून दाखवले. मुलाच्या लग्नासाठी, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायच्या देजासाठी, आणि पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेल्या ज्वारीपोटी पूर्वी काढलेले कर्ज व्याजासह फिटत नसल्यामुळे ही जमीन कायमची खरेदी दिली, असा त्यातला मजकूर होता. रोख रक्कम हाती दिल्याचा उल्लेख त्या कागदात कुठेही नाही. शेवटी निशाणी डाव्या हाताचा अंगठा आहे. शाई जास्त लागल्यामुळे त्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत आणि कागदावर फक्त एक गोल काळसर डाग उरला आहे. त्या डागाकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या पणतवांकडून तशी परवानगी मी घेतलेली नाही. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावातले म्हातारे लोक त्या शेताला आजही त्याच माणसाच्या नावाने ओळखतात. ‘अमक्याच्या वावरात विहीर बांधली’, ‘अमक्याच्या वावरात मोर उतरले’, असे आम्ही सगळेच आयुष्यभर म्हणत आलो. नाव रोज आमच्या तोंडात होते आणि ते कोणाचे आहे याची चौकशी आमच्यापैकी एकानेही केली नव्हती.

हा कागद एकट्या माझ्या आजोबांच्या स्वभावाचा पुरावा आहे असे मला वाटत नाही, आणि त्यांचा बचाव करावा म्हणूनही मी हे लिहीत नाही. ज्या व्यवस्थेत असे कागद शेकड्यांनी तयार झाले ती व्यवस्था कोणी उभी केली, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या वाट्याचे पाप नेमके किती हे कळत नाही. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्यातील आणि सातमाळ्याकडील भिल्ल नायकांनी नव्या सरकारशी झुंज घेतली, तेव्हा सरकारने आधी फौजा पाठवल्या, आणि पुढे १८२५ साली धरणगावी आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी केली. ज्या घाटांवर भिल्ल नायकांचा राखणीचा हक्क होता, तिथे ते आता सरकारचे पगारी नोकर झाले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक याच मार्गाने गेले आणि १८५७ साली त्याच घाटात सरकारी खजिना लुटून उठावात उतरले. ११ एप्रिल १८५८ रोजी भिल्ल आणि इंग्रज फौज यांच्यात अंबापाणीची लढाई झाली. आमच्या शाळेत मी मुलांना १८५७ शिकवत असे तेव्हा झाशी, कानपूर आणि दिल्ली मनापासून शिकवली. डोंगर ओलांडला की लागणारे अंबापाणी मी कधी शिकवले नाही, याची मला आज खंत वाटते.

तलवारीपेक्षा मोठे काम मात्र मोजणीच्या साखळीने केले. १८५० नंतर खानदेशात जमिनीची मोजणी सुरू झाली. तिच्याविरुद्ध १८५२ साली यावल, सावदे, एरंडोल या भागात शेतकऱ्यांनी मोठा दंगा केला, तो आमच्यासारख्या कुणबी-पाटलांचा होता आणि त्याची आठवण आम्ही अभिमानाने ठेवतो. पण त्या मोजणीनंतर जे घडले त्याचा फायदा कोणाला झाला, ही आठवण आम्ही ठेवलेली नाही. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला, आकार म्हणजे सरकारी सारा ठरला आणि खातेदाराचा हक्क वारसाने मिळणारा व विकता येणारा झाला. जमीन विकता येऊ लागली म्हणजे ती गहाण ठेवता येऊ लागली, आणि गहाण ठेवता येऊ लागली म्हणजे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याने ती काढूनही घेता येऊ लागली. ज्याला वाचता येत होते, ज्याची कचेरीत ओळख होती आणि ज्याच्या घरात पावसाळ्यात धान्य शिल्लक होते, त्याच्यासाठी हे यंत्र चालत राहिले. सावकारी अन्यायामुळे दंगे झाले म्हणून १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, तोही सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. इकडे १८७८ च्या वन कायद्याने सातपुड्यातील रान राखीव झाले, तेव्हा शेत गेले तर डोंगरात जाऊन राहण्याची भिल्लांची जुनी वाटही बंद झाली. मग ज्याच्या नावाचे वावर होते तोच त्या वावरात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, झाला. माझ्या लहानपणी आमच्या घरी जे सालदार होते, ते त्याच अंगठ्याच्या माणसाचे नातू होते. ते मला खांद्यावर बसवून त्याच शेतात नेत असत.

यंत्र इंग्रजांचे होते, पण ते आमच्या गावात आमच्या हातांनी फिरले.

मी हे सारे मंडळाच्या बैठकीत सांगितले तेव्हा पहिला सूर अपेक्षित असाच उमटला. आपल्या भागातील आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आहे, पण तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांना लागू आहे, आणि आपले खत त्याच्या कितीतरी आधीचे आहे, असे एका जाणत्या सभासदाने सांगितले. ते बरोबरच आहे. तो कायदा येण्यामागे आमच्याच तालुक्यातला लढा होता. १९७१ मध्ये आदिवासींवरील गोळीबाराचे पाटीलवाडीचे प्रकरण घडले, १९७२ मध्ये आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, आणि अंबरसिंग महाराज या भिल्ल समाजातील भजन करणाऱ्या माणसाने सालदारांच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न गावोगाव नेला. त्या वर्षांत आमच्या घरी संध्याकाळ झाली की दारे लावली जात. मोठी माणसे दबक्या आवाजात बोलत आणि अंबरसिंगांचे नाव घेताना ‘महाराज’ हा शब्द गाळत. एका भजनी माणसाला महाराज म्हणायला माळकऱ्यांच्या घरात अडचण वाटत होती, हे मला आता फार बोचते.

त्या बैठकीत कायद्याच्या पलीकडचे बोलणे एका वयोवृद्ध विणेकऱ्यांनी सुरू केले. ते फार शिकलेले नाहीत. त्यांनी विचारले की तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे आपण दर सप्ताहात कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो, तर मग त्या खतांत आणि या खतात फरक कोणता? परंपरा असे सांगते की भावाच्या वाट्याचे कागद भावाला देऊन तुकोबांनी स्वतःच्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले. कोणत्याही सरकारचा तसा हुकूम नव्हता. विणेकरीबुवांचा प्रश्न ऐकून बैठक थोडा वेळ गप्प झाली, आणि माझ्या मते आमच्या मंडळाचा खरा हिशेब त्या गप्प बसण्यापासून सुरू झाला.

भक्तनिवासाचा अर्ज आम्ही थांबवला. पुढच्या एकादशीला हरिपाठ झाल्यानंतर मी तो फेरफार आणि ते खरेदीखत सर्वांसमोर मोठ्याने वाचले. त्या रात्री काहीजण उठून गेले. त्यापुढच्या एकादशीला पुन्हा वाचन ठेवले, आणि तेव्हा भिलाटीतील लोकांनाही बोलावले. बोलावणे असे सहज लिहून जातो आहे, पण ते सोपे नव्हते. आमच्या सप्ताहाच्या महाप्रसादाला भिलाटी दरवर्षी येते, मात्र तिची पंगत शेवटी, मंडपाच्या बाहेर, लिंबाखाली बसते. ज्या वावराचा गहू ताटात आहे त्या वावराचे मूळ मालक शेवटच्या पंगतीला, आणि दुसऱ्याच दिवशी काल्याच्या कीर्तनात आम्ही ऐकणार की काला म्हणजे सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून सगळ्यांनी सारखे खाणे. हे दोन्ही आम्ही इतकी वर्षे एकाच मंडपात केले.

भिलाटीतील लोक आले, ऐकले, आणि त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांच्यातील एक आजोबा, जे त्या अंगठ्याच्या माणसाचे नातू लागतात, शांतपणे म्हणाले, “हाई वावर कोनं व्हतं हाई आमले पह्यलापासून मालूम शे, भाऊ. तुमलेच आत्ते समजनं.” शोध लागला तो आम्हाला. त्यांच्या घरांत ही गोष्ट कागदाशिवाय चार पिढ्या जपलेली होती, आणि देवळात येऊन ती सांगावी असे त्यांना वाटण्याचे काही कारण आम्ही कधी दिले नव्हते.

काय करावे, असे आम्ही त्यांना विचारले तेव्हा मला वाटले होते की ते जमीन मागतील. त्यांनी आधी एक दगड मागितला. शेताच्या ईशान्य बांधावर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक उभा दगड आहे, तो त्यांचा वाघदेव आहे. दरवर्षी ट्रॅक्टरचा फाळ बांध कोरत कोरत त्याच्या जवळ येत गेला, आणि आता दगडाच्या एका अंगाला हातभर मातीही उरलेली नाही. देवाच्या जमिनीची नांगरट करताना आम्ही दुसऱ्या देवाची जागा खात होतो. त्या आठवड्यात आम्ही दोन्ही वस्त्यांतील माणसांनी मिळून बांध भरला आणि वाघदेवाकडे जाणारी पाऊलवाट सोडून दिली.

जमिनीचे काम रेंगाळले आहे, आणि ते का रेंगाळले हेही नोंदवले पाहिजे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय कोणाच्या नावे करता येत नाही, आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी तीच मंजुरी लागते, असे १९५० चा न्यास कायदा सांगतो. देवाची मालमत्ता विश्वस्तांनी खाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. तिच्यामुळे जमीन परत करणे अवघड होते, हे तरतूद करणाऱ्यांच्या मनात कदाचित नसेलही. आम्ही ठराव केला आहे, काहींनी त्याला विरोध नोंदवला आहे आणि अर्ज दाखल झाला आहे. ज्यांनी विरोध केला ते माझे चुलतभाऊ आहेत आणि त्यांना मी लोभी म्हणणार नाही. एका तुकड्यावरून गावातल्या प्रत्येक वावराचा इतिहास उकरला जाईल, ही त्यांची भीती आहे. ती भीती खोटी नाही. माझ्या स्वतःच्या नावावर जी जमीन आहे तिचेही जुने फेरफार मी आता मागवले आहेत. निकाल लागेपर्यंत मंदिराच्या शेताचे उत्पन्न कसे खर्चावे हे भिलाटीने ठरवावे असे ठरले असून, यंदाचा गहू त्यांनी निम्मा आपल्या घरांत वाटला आणि निम्मा सप्ताहाला दिला. तो त्यांनी दिला, हे मंडळाच्या वहीत मी स्वतः देणगीदार म्हणून लिहिले.

या सगळ्या काळात मला तळोदे तालुक्यातील मोरवड-रांझणीची वारंवार आठवण होत राहिली. तिथे १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी आदिवासींना आरतीसाठी एकत्र आणले, दारू सोडायला लावली, आणि लहानथोर सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे असे शिकवले. १९३८ साली त्यांचे निधन झाले. आमच्या घरातले ते खत त्याच दशकातले आहे. आमच्या गावापासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर हजारो भिल्ल माणसे एकमेकांना आदराने हाक मारायला शिकत होती, आणि आमच्या ओसरीवर त्यांच्यातल्याच एकाचा अंगठा शाईत बुडवला जात होता.

तिसऱ्या एकादशीला मी पुन्हा वाचन केले. वाचन संपल्यावर ते आजोबा उठून जवळ आले आणि फेरफाराच्या नकलेवर बोट ठेवून त्यांनी विचारले की इथे माझ्या आज्याचे नाव लिहिले आहे का. मी हो म्हणालो आणि वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. नाव तसे नव्हते. त्या वेळच्या तलाठ्याने आपल्या कानाला जमेल तसे ते लिहिले होते, आणि आमचे सगळे गाव तेच बिघडलेले नाव त्या वावराला लावत आले होते. आजोबांनी खरे नाव तीनदा सावकाश उच्चारले, मधल्या अक्षरावर थांबून, आणि मी ते वहीत उतरवून घेतले. माझ्या पहिल्या लिहिण्यात एक मात्रा चुकली होती, ती त्यांच्या नातवाने दुरुस्त केली.